संशोधनाचा संवेदनशील डेटा: एन्क्रिप्शन लावलं की पुरे का?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. विद्यापीठातल्या एका संशोधन प्रकल्पासाठी विचारतेय. साधारण १,२०० लोकांच्या मुलाखती आहेत: नाव, फोन नंबर, जन्मतारीख, राहण्याचा परिसर, आजार, चालू औषधं, शिवाय काहींचं ध्वनिमुद्रण. गटात सहा जण, त्यातले दोन विद्यार्थी सत्र संपलं की बाहेर पडतील. मूळ एक्सेल फाइल विभागाच्या सामायिक ड्राइव्हवर आहे, पण कामासाठी प्रत्येकाने ती आपापल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलीय. नीतिमत्ता समितीने 'डेटा सुरक्षित कसा ठेवणार' ते एका पानात लिहून मागितलंय.

सध्याचा आराखडा असा: एक्सेलला पासवर्ड, फाइल पाठवायची झाली तर पासवर्ड लावलेली झिप, लॅपटॉपवर व्हेराक्रिप्ट (डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून, एका बंद पेटीत ठेवणारा प्रोग्रॅम), आणि नाव-फोनच्या जागी हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला सांकेतिक आकडा) टाकून डेटा अनामिक करायचा. सामायिक ड्राइव्ह हाच बॅकअप. यात काय कमी पडतंय? समितीला दाखवण्यापुरतं नकोय, खरोखर टिकेल असं हवंय.

कुलूपबंद

साधनं ठीक आहेत, पण कामाची सुरुवात चुकीच्या टोकाने होतेय. आधी प्रती शोधा. सामायिक ड्राइव्हवरची एक, लॅपटॉपवरच्या सहा, प्रत्येकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये पडलेली जुनी आवृत्ती, मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन, फोनवर उघडली असेल तर तिथे एक, रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर मूळ आवाज, आणि प्रतिलेखनासाठी (आवाज ऐकून लिहून काढण्यासाठी) ऑनलाइन सेवा वापरली असेल तर तिच्या सर्व्हरवर आणखी एक. एका तक्त्यात प्रत्येक प्रत, ती कोणाकडे आहे, कशासाठी आहे आणि कधी पुसायची, एवढे चार रकाने भरा. ज्या प्रतीच्या 'कशासाठी'पुढे काही लिहिता येत नाही ती आजच पुसा. निम्मा धोका इथेच संपतो, आणि त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

आता तुमच्या यादीतल्या एकेका गोष्टीकडे येतो.

एक्सेलमध्ये 'प्रोटेक्ट शीट' आणि 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत डेटा एन्क्रिप्ट होतच नाही. हल्लीची एक्सेल फाइल म्हणजे आतून एक झिप असते. ती उघडून संरक्षणाची एक ओळ काढली की पत्रक मोकळं. दुसरी, म्हणजे फाइल मेनूतल्या 'इन्फो' पानावरची, एईएस या मजबूत पद्धतीचं खरं एन्क्रिप्शन लावते. लपवलेले रकाने आणि लपवलेली पत्रकं तर कुणालाही दोन क्लिकमध्ये दिसतात. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांच्या हातून ऑगस्ट २०२३मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांची माहिती जाहीर झाली ती अशाच, लपलेल्या पत्रकासकट टाकलेल्या फाइलमुळे. कोणी काही फोडलं नव्हतं.

झिपमध्ये जुनी 'झिपक्रिप्टो' पद्धत कमकुवत आहे. आतल्या फाइलचा थोडासा मजकूर आधीच माहीत असेल तर पासवर्ड न शोधताही ती उलगडता येते. सेव्हन-झिप या झिप करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये झिप प्रकार निवडला तर आपोआप हीच पद्धत येते, त्यामुळे ७झेड प्रकार घ्या, एईएस-२५६ बघा आणि फाइलनावंही एन्क्रिप्ट करण्याची खूण करा. नाहीतर आतलं काही न उघडता 'एचआयव्ही_यादी_अंतिम' असं नाव दिसतं आणि सांगायचं ते सांगून जातं. पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, दुसऱ्या मेलमध्येही नको, फोनवर सांगा. आणखी एक: सेव्हन-झिपच्या खिडकीतूनच फाइलवर डबल-क्लिक केलं तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघड्या स्वरूपात निघते आणि प्रोग्रॅम नीट बंद झाला नाही तर तिथेच राहते.

व्हेराक्रिप्टची पेटी क्लाउड ड्राइव्हवर ठेवायचा विचार असेल तर नको. पेटीतला मजकूर बदलला तरी फाइलची तारीख मूळ सेटिंगमध्ये बदलत नाही, त्यामुळे सिंक करणाऱ्या (लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या प्रती जुळत्या ठेवणाऱ्या) प्रोग्रॅमला बदल कळत नाही. दोघांनी एकाच वेळी पेटी उघडून लिहिलं तर आतली फाइलव्यवस्थाच मोडते. क्लाउडसाठी क्रिप्टोमेटर बरं, ते एकेक फाइल स्वतंत्र एन्क्रिप्ट करतं. लॅपटॉपवर मात्र पूर्ण डिस्कचंच एन्क्रिप्शन लावा: विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. एक फोल्डर एन्क्रिप्ट केलं तरी तात्पुरत्या फाइली बाहेरच पडत राहतात.

आणि डिस्क एन्क्रिप्शन कशापासून वाचवत नाही तेही त्या एका पानात लिहा. लॅपटॉप बंद असताना चोरीला गेला तर डेटा सुरक्षित. लॉगिन करून उघडा आहे आणि एखादा व्हायरस आत शिरला, तर त्या व्हायरसला सगळं तुमच्याइतकंच स्पष्ट दिसतं. झाकण लावून निद्रावस्थेत ठेवलेल्या लॅपटॉपची एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत असते. प्रवासात पूर्ण बंद करा.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की विभागात दोन ठिकाणी नोंदवून ठेवा. मदरबोर्ड बदलला की हमखास लागते, आणि ती फक्त निघून गेलेल्या विद्यार्थ्याच्या खासगी खात्यात असेल तर डेटा गेला समजा. पासफ्रेज (शब्दांचा लांब पासवर्ड) घ्यायची तर दर शब्दाला पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडा, सुमारे ७७ बिट मिळतात, म्हणजे २च्या ७७व्या घाताइतक्या शक्यता. देवनागरीत ठेवायचा मोह होईल, पण टाळा. 'ऱ' हे अक्षर एकाच सांकेतिक क्रमांकाने साठवलं जातं किंवा र आणि नुक्ता असं दोन मिळून; डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र तो वेगळा पासवर्ड वाटतो.

सांख्यिक

हॅशचा मुद्दा सोडून देऊ नका, तिथे मोठं भगदाड आहे.

फोन नंबर १० अंकी, म्हणजे फार तर १,००० कोटी शक्यता. हे सगळे नंबर हॅश करून तुमच्या रकान्याशी ताडून पाहायला एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाला काही सेकंद लागतात. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण इथे उलटा फिरवायची गरजच पडत नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा २०१४मध्ये उघडा पडला तो नेमका असाच. परवाना क्रमांक एमडी५ या पद्धतीने हॅश केले होते आणि क्रमांकाचा साचा छोटा होता.

म्हणून हॅश नको, सरळ यादृच्छिक क्रमांक द्या. क्रमांक आणि खरं नाव यांची जोडी एका वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या जागी, आणि ती उघडण्याची परवानगी फक्त दोघांना. बाकी चौघांचं विश्लेषण त्या फाइलवाचून अडत नाही. क्रमांक वर्णानुक्रमाने किंवा मुलाखतीच्या क्रमाने देऊ नका. ओळी आधी ढवळून घ्या, नाहीतर हजेरीच्या यादीवरून माणूस ओळखू येतो.

पण एवढ्याने डेटा अनामिक झाला असं समितीला लिहू नका. जोडीची फाइल शिल्लक आहे तोवर तो फक्त टोपणनावाने ठेवलेला डेटा आहे. आणि ती फाइल जाळली तरी जन्मतारीख, लिंग आणि परिसर उरतातच. हिशेब करून पाहा: ८० वर्षांच्या साधारण २९,२०० जन्मतारखा, गुणिले दोन लिंगं, झाले ५८,४०० कप्पे. परिसरात ५,००० लोक असतील तर दहांपैकी नऊ जण आपापल्या कप्प्यात एकटेच सापडतील. लटान्या स्वीनी यांनी २०००मध्ये अमेरिकेसाठी हेच दाखवलं होतं: पाच अंकी टपाल क्रमांक, लिंग आणि जन्मतारीख एवढ्यावर सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट ठेवला तर कप्पे उरतात ३२ आणि प्रत्येकात सरासरी दीडशे माणसं. विश्लेषणाला खरंच तारीख हवी आहे का, हे आधी विचारा. बहुतेक वेळा वयच हवं असतं.

वाटून द्यायच्या प्रत्येक फाइलवर ही चाचणी लावा: वयोगट, लिंग, परिसर, व्यवसाय अशा ओळख पटवू शकणाऱ्या रकान्यांचे गट पाडा आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट दिसला तर परिसर मोठा करा किंवा ती ओळ काढा. गट पाचाचा झाला, पण पाचही जणांना एकच आजार असेल तर मात्र सगळंच उघड आहे; माणूस कोणता ते कळायची गरजच उरत नाही. वृद्ध लोक, दुर्मीळ आजार, मोठी कुटुंबं इथे हे हमखास घडतं. प्रबंधातल्या तक्त्यांत लहान आकडा झाकून एकूण बेरीज छापली तर वजाबाकी करून तो निघतो; त्या ओळीतला आणि रकान्यातला आणखी एक आकडा झाकावा लागतो.

जिथून गळतं पण लक्षात येत नाही अशा जागा: एक्सेलची पिव्होट टेबल नव्या फाइलमध्ये चिकटवली तरी मागचा मूळ डेटा तिच्यासोबत येतो, बेरजेवर डबल-क्लिक केलं की ओळी बाहेर. ज्युपिटर नोटबुक (कोड आणि त्याचं उत्तर एकाच पानात ठेवणारी फाइल) सेव्ह करताना छापलेल्या पहिल्या पाच ओळीही फाइलमध्येच राहतात, आणि ती गिटवर (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या व्यवस्थेवर) चढली की नंतर पुसूनही इतिहासात टिकते. वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम फाइलींच्या शीर्षभागात रुग्णाचं नाव असतं. फोटोत जीपीएस. आणि सर्वांत वाईट म्हणजे मोकळ्या मजकुराचा रकाना: 'सरपंचांच्या सुनेने सांगितलं की…' असं कुणीतरी लिहिलेलंच असतं. त्याला सॉफ्टवेअर पुरत नाही, १,२०० नोंदी माणसानेच वाचायच्या. ध्वनिमुद्रणात तर आवाज हीच ओळख. प्रतिलेखन तपासून झालं की मूळ आवाज पुसायची तारीख आधीच ठरवा.

निळी_शाई

हॅशचं डोळ्यांत अंजन घालणारं निघालं. दोन उपप्रश्न. सहा महिन्यांनी त्याच लोकांच्या मुलाखतींची दुसरी फेरी आहे, दोन्ही फेऱ्या जोडायच्यात. यादृच्छिक क्रमांकाने ते कसं जमेल? आणि ओटीपी सगळ्यांच्या खात्यांना चालू आहे, मग खात्यांच्या बाजूने काही उरतं का?

सांख्यिक

जोडीची फाइल सांभाळणारे दोघे दुसऱ्या फेरीत नाव शोधून तोच क्रमांक देतील, इतकं सोपं. दोन संस्थांचा डेटा नावं न देता जोडायचा असेल तर एचमॅक वापरतात, म्हणजे गुप्त किल्ली घालून केलेला हॅश. किल्ली डेटाच्या जवळपासही ठेवायची नाही. हॅशमध्ये नुसतं सगळ्यांना एकच 'मीठ' (हॅश करण्याआधी जोडलेला जादा मजकूर) घातलं आणि ते कोडमध्ये लिहून ठेवलं, तर कोड ज्याच्या हाती त्याला पुन्हा तेच काही सेकंद.

पहारेकरी

खात्यांच्या बाजूने बरंच उरतं. विद्यापीठात घुसखोर कुलूप तोडून फार क्वचित येतो. तो कुणाच्या तरी लॉगिननेच येतो.

ओटीपी नसण्यापेक्षा चांगला, पण खोटं लॉगिन पान मध्ये बसून पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही त्याच क्षणी खऱ्या पानाकडे पुढे ढकलतं आणि मिळालेलं लॉगिनचं सत्र स्वतःकडे ठेवून घेतं. पासकी (उपकरणातच साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा फिडो२ मानकाची यूएसबी किल्ली याला दाद देत नाही, कारण ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता खोटा तर ती सहीच करत नाही. सगळ्यांना देणं जमत नसेल तर सामायिक ड्राइव्हचे प्रशासक आणि जोडीच्या फाइलचे दोघे यांना आधी द्या. मंजुरीची सूचना फोनवर येत असेल तर पडद्यावरचा आकडा टाईप करायला लावणारी पद्धत चालू करा, नाहीतर रात्री दोनला वीस सूचना आल्यावर वैतागून कुणीतरी 'होय' दाबतोच. आणि आयमॅप-पॉप या मेल उतरवण्याच्या जुन्या पद्धतींवरून नुसत्या पासवर्डने मेल उघडत असेल तर तुमचा ओटीपी पुढच्या दाराला आहे, मागचं दार उघडंच.

खातं फसलं असं कळलं की लोक पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. ते पुरत नाही. क्रमाने करा: सगळी चालू सत्रं बंद करा, पासवर्ड बदला, खात्याला नव्याने जोडलेला फोन किंवा किल्ली आहे का बघा, मेलमधले फॉरवर्डिंगचे आणि आपोआप हलवण्याचे नियम तपासा, खात्यात परवानगी दिलेली बाहेरची अॅप्स काढा. फॉरवर्डिंगचा नियम पासवर्ड बदलल्यावरही इमानेइतबारे मेल बाहेर पाठवत राहतो. 'पासवर्ड' किंवा 'इनव्हॉइस' शब्द असलेली मेल थेट कुठल्या तरी अनोळखी फोल्डरमध्ये नेणारा नियम दिसला तर शंका नको.

एड्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वाय-फायकडे कुणाचं लक्ष जात नाही. फोन जोडताना प्रमाणपत्राची तपासणी न करण्याचा पर्याय निवडला असेल तर त्याच नावाचं खोटं वाय-फाय उभारून कुणीही लॉगिनची देवाणघेवाण पकडू शकतो. तिथे पासवर्ड तपासणाऱ्या एमएसचॅप-व्ही२ या पद्धतीची सुरक्षा २०१२पासून मोडीत निघालेली आहे. आणि तोच पासवर्ड मेलला आणि ड्राइव्हलाही चालतो. विद्यापीठाचं तयार प्रोफाइल गेटएड्युरोम किंवा कॅट या एड्युरोम जोडून देणाऱ्या साधनांमधून बसवा, हाताने सेटिंग भरू नका.

जाणाऱ्या दोघांसाठी शेवटच्या दिवशी काय काढायचं याची यादी आत्ताच करा: ड्राइव्हची परवानगी, 'लिंक असलेल्या कुणालाही' अशा वाटलेल्या लिंका, गिटचा प्रवेश, सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची एसएसएच किल्ली, सामायिक खात्यांचे पासवर्ड. परवानगी व्यक्तीला न देता गटाला दिली असेल तर एका ठिकाणी नाव काढलं की झालं.

बॅकअपबद्दल: सामायिक ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस एका लॅपटॉपवर चालला की सिंक ते बदल इमानदारीने ड्राइव्हवरही नेतो. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं प्रकरण वाचण्यासारखं आहे, कारण त्यांनी सगळं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१९मध्ये फसवी मेल उघडली गेली, दोन महिने हल्लेखोर आत फिरत राहिले, आणि २३ डिसेंबरला २६७ सर्व्हर एन्क्रिप्ट झाले. बॅकअपांपैकी काही त्याच नेटवर्कवर होते, तेही गेले. खंडणी म्हणून ३० बिटकॉइन मोजावे लागले. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक नेटवर्कबाहेर: एन्क्रिप्ट केलेली बाहेरची डिस्क, आठवड्यातून एकदा जोडायची, काम झालं की काढून कपाटात. दर तीन महिन्यांनी एक फाइल परत आणून तिचा एसएचए-२५६ हॅश मूळ नोंदीशी जुळतो का पाहा. परत न आणून पाहिलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणत नाहीत.

समितीला 'प्रकल्प संपताच डेटा पुसू' असं लिहू नका. बॅकअपमध्ये तो ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतोच. मुदत ९० दिवसांची असेल तर 'मूळ प्रत पुसल्यापासून ९० दिवसांत सर्वत्र' असं लिहा.

व्यवहारी

सगळं बरोबर, पण सहा जणांवर एवढे नियम लादले तर महिन्याभरात फाइल व्हॉट्सअॅपवरून फिरायला लागेल. कामाचा रस्ता अवघड केला की लोक आडवाटेने जातात, आणि आडवाटेची नोंद कुठेच राहत नाही. लॅपटॉपवर डेटा सुरक्षित कसा ठेवायचा यापेक्षा तो लॅपटॉपवर येऊच नये असं का नाही करत?

विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडे एक आभासी सर्व्हर मागा: चार कोअर, १६ जीबी मेमरी, १,२०० ओळींना हे उदंड झालं. त्यावर आरस्टुडिओ सर्व्हर किंवा ज्युपिटर (ब्राउझरमधून चालणारी विश्लेषणाची सॉफ्टवेअर), व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) आणि दोन टप्प्यांचं लॉगिन केल्यावरच पोहोच, इंटरनेटवर थेट काहीही उघडं नाही. सगळे ब्राउझरमधूनच काम करणार. बाहेर जातील ते फक्त तक्ते आणि आलेख, तेही सांख्यिक म्हणतात ती पाचाची चाचणी दुसऱ्याने बघितल्यावर. असं केलं की वरच्या झिप, पेनड्राइव्ह, पेट्या यांतल्या निम्म्या गोष्टी लागतच नाहीत.

कुलूपबंद

व्यवहारींशी सहमत, फक्त दोन अटी. आरस्टुडिओ आणि ज्युपिटर दोन्हीकडून फाइल उतरवता येते. ते बटण बंद करता आलं नाही तर निदान जोडीची फाइल त्या सर्व्हरवर ठेवूच नका. आणि क्षेत्रकार्य करणाऱ्यांना टॅबलेटवर भरलेला डेटा मध्ये कुठेतरी साठतोच, म्हणजे टॅबलेटला कुलूप, डिस्क एन्क्रिप्शन आणि सर्व्हरवर चढल्याची खात्री झाल्यावर आपोआप पुसणं, हे राहतंच.

निळी_शाई

सर्व्हरसाठी आजच अर्ज करते. शेवटचं एक: सध्या सहा लॅपटॉपवर आणि तीन पेनड्राइव्हवर जो डेटा आहे तो पुसायचा कसा? रिसायकल बिन रिकामी करून भागत नाही एवढं कळतं. आणि समितीने 'गळती झाली तर काय करणार' हेही विचारलंय.

पहारेकरी

एसएसडीवर (चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहून पुसणारे प्रोग्रॅम भरवशाचे नाहीत. डिस्क झीज सारखी व्हावी म्हणून नवीन लिखाण दुसऱ्याच जागी टाकते आणि जुनं मागे राहतं. पेनड्राइव्हचंही तेच. लॅपटॉपवर फाइल ठेवली त्या आधीपासून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट असेल तर साधं पुसूनही चालेल. नसेल तर आता एन्क्रिप्शन लावा आणि 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय न घेता 'पूर्ण डिस्क' निवडा, नाहीतर पुसलेल्या फाइलींचे अवशेष उघडेच राहतात. लॅपटॉप परत द्यायचा असेल तर उत्पादकाचं 'सिक्युअर इरेज' चालवा. पेनड्राइव्ह हातोड्याने फोडा, चिपचे तुकडे झाले पाहिजेत. नुसतं बाहेरचं कवच नव्हे.

गळतीसाठी अर्धं पान पुरे. मशीन संशयास्पद वाटलं तर नेटवर्कची तार काढा आणि वाय-फाय बंद करा, पण मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. अपवाद एकच: डोळ्यांसमोर फाइली एन्क्रिप्ट होताना दिसताहेत आणि थांबवता येत नाहीये, तेव्हा वीज तोडलेली परवडते. स्वतः व्हायरस पुसायला जाऊ नका. किती वाजता काय दिसलं ते कागदावर लिहा आणि त्याच तासात संगणक केंद्राला फोन करा, मेल नको. मेल हल्लेखोर वाचत असू शकतो. फाइल चुकीच्या माणसाला गेली असेल तर 'रिकॉल'वर विसंबू नका, संस्थेबाहेर ते चालत नाही. घेणाऱ्याला फोन करून पुसायला सांगा आणि त्याचं लेखी उत्तर घ्या. केंद्राचा, प्रकल्पप्रमुखांचा आणि समितीच्या सचिवांचा फोन नंबर त्याच अर्ध्या पानावर छापा आणि ते पान भिंतीवर लावा, कारण ड्राइव्हवर ठेवलेलं पान त्या दिवशी उघडणार नाही.